खोटी सभा

ग्रामपंचायतीच्या कचेरीला तीन पायऱ्या होत्या. मी मधल्या पायरीवर बसायचे. आत सतरंजीवर बाकीचे मेंबर, लोडाला टेकून सरपंच, कोपऱ्यात टेबलामागं ग्रामसेवक. मीसुद्धा मेंबर होते. पण माझी जागा बाहेर.

त्या दिवशी सभा उठायच्या आधी ग्रामसेवक रजिस्टर घेऊन उंबऱ्यापर्यंत आला. वाकून त्यानं ते माझ्यापुढं उघडलं. लिहिलेल्या भागावर वर्तमानपत्राची घडी ठेवली, घडीवर स्वतःचा तळहात. खालची कोरी जागा तेवढी मोकळी. मग शाईचं पॅड टाकलं. हातात दिलं नाही, टाकलं. ते पायरीवर आपटलं आणि माझ्या लुगड्यावर निळे शिंतोडे उडाले.

"लाव अंगठा."

"साहेब, मला सही येती. चौथी पास हाय मी."

"सहीला वेळ लागतो. लाव."

"मग काय लिवलंय ते तरी वाचून दाखवा."

सरपंच पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तुला अंगठ्यासाठी मेंबर केलंय बाई. वाचायला गावात मास्तर हाय."

मेंबर हसले. त्या हसण्यात राग नव्हता. घरातलं लेकरू काहीतरी बोबडं बोलतं तेव्हा मोठी माणसं हसतात, तसं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी अंगठा लावला.

हे आधी सांगून टाकते. कारण पुढचं ऐकून मी लय धीराची होते असं कुणाला वाटेल. त्या दिवशी मी काहीही केलं नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. मी आपण होऊन अंगठा शाईवर दाबला, कागदावर टेकवला, पदराला पुसला आणि घरी येऊन भाकरी थापल्या.

मी मेंबर कशी झाले तेही सांगते. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. पंचायतीची निवडणूक लागली. कायद्यानं बाई मेंबर लागत होती. गावातल्या मोठ्या घरांनी सांगितलं, आमच्या बाया कचेरीत बसायच्या नाहीत. मग सरपंच आमच्या बुद्धवाड्यात आले. लिंबाखाली उभे राहिले, बसले नाहीत. माझा नवरा त्यांच्या भावाकडं सालगडी होता. त्याला म्हणाले, "तुझी बायको शाळा शिकलीया म्हनं. तिचा फॉर्म भर. बाईबी झाली, तुमच्या वाड्याचं मानूसबी झालं. एका फॉर्मात दोन कामं."

नवरा "जी" म्हणाला. मी दारातच उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

मी बिनविरोध आले. वाड्यातल्या लोकांना आनंद झाला. मलाही झाला, नाही कशाला म्हणू. त्या आनंदाचं कारण होतं खोली.

आमच्या वाड्यातला पहिला मॅट्रिक गौतम. परभणीला बोर्डिंगात राहून शिकला. सुट्टीत गावात आला की वाड्यातली पोरंपोरी गोळा करायचा. शाळेच्या बाजूला मुरमाची मोकळी जागा होती. तिथं बसून तो बोलायचा. एकदा मी पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबून ऐकलं. तो म्हणत होता, "आपल्या वाड्याचा पुढारी कोन? सरपंच ज्याच्या खांद्यावर हात ठेवतेत, त्यो. उद्या हात काढला की पुढारीपन गेलं. आपले पुढारी आपुनच तयार केले पायजेत. त्याला बसायला जागा पायजे."

म्हणून खोली. चार भिंती, वर पत्रे. तिथं पेपर यावा, चार पुस्तकं असावीत, पोरांनी उभं राहून बोलायला शिकावं, अर्ज लिहायला शिकावं. त्याच मुरमाच्या जागेवर. माझ्या थोरल्या दिराची मुलगी सुशीला तेव्हा सातवी पास होऊन घरी होती. तिचं अक्षर मोत्यासारखं. तिनं अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या आणि तो अर्ज मी माझ्या हातानं कचेरीत नेऊन दिला. वाड्याची मेंबर म्हणून.

दीड वर्ष मी त्या पायरीवर बसले. दर महिन्याला विचारलं, खोलीच्या अर्जाचं काय झालं. दर महिन्याला एकच उत्तर, "इचार चालू हाय."

मग एक दिवस त्या जागेवर दगडाच्या गाड्या आल्या. पाया खणायला माणसं लागली. वाड्यातले लोक पळत माझ्या घरी. खोली मंजूर झाली म्हणून. सुशीला तर हसतच आली. गौतम, सुशीला आणि मी, तिघं कचेरीत गेलो. त्या दिवशी सभा नव्हती, ग्रामसेवक एकटाच होता. आम्हाला बघून त्याला आश्चर्य वाटलं. म्हणाला, "खोली कसली? सोसायटीचं गोदाम आहे. ठराव झाला की मागेच."

गौतम म्हणाला, "ठराव दाखवा."

त्यानं सावकाश रजिस्टर काढलं. पान उघडलं. आमच्याकडं वळवलं. या वेळी वर घडी नव्हती, की हातही नव्हता. सुशीलानं मोठ्यानं वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं. शाळेलगतची मोकळी जागा सोसायटीच्या गोदामासाठी देण्यात येत आहे. तरुणांचा अर्ज नामंजूर. ठराव सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते" या शब्दाला ती थांबली. तिचं बोट खाली गेलं. सह्या, सह्या, सह्या, आणि शेवटी एक निळा अंगठा.

ग्रामसेवक म्हणाला, "तुमच्याच मेंबरीणबाई."

सुशीलानं माझ्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही. रस्ताभर नाही, घरी आल्यावर नाही. वाडा मात्र बोलला. कुणी म्हणालं मेंबरीण फितूर झाली. कुणी म्हणालं नवऱ्याची चाकरी टिकवायला केलं. नळावर बाया माझ्याकडं पाठ करून भांडी घासायच्या. नवरा जेवता जेवता एकदाच बोलला. "तुला वाचता येत व्हतं ना?"

मी म्हणाले, "त्यानं वर कागद धरला व्हता."

"मग?"

बास. एवढंच विचारलं त्यानं. कागद बाजूला सारायला मला दोन हात होते.

पंधरा दिवस मी घराबाहेर फक्त कामापुरती पडले. मग गौतमकडं गेले. मॅट्रिक झाल्यावर नोकरी शोधत तो तेव्हा गावातच होता. म्हणाले, "बाबा, मला सभा म्हंजी काय तेच ठावं न्हाई. मी पायरीवर बसून आतलं बोलनं ऐकायची. पन सभेत मानसाला काय काय म्हनता येतं, ते मला कुनी सांगितलं न्हाई. तुला ठावं हाय का?"

तो म्हणाला, "काकू, मलाबी न्हाई."

त्यानं परभणीहून पंचायतीच्या कायद्याचं एक पातळ पुस्तक आणलं. आम्ही ते वाचलं. तो वाचायचा, सुशीला वहीत उतरवायची, मी ऐकायचे. सभेची नोटीस घरपोच मिळाली पाहिजे. मागच्या सभेचं लिहिलेलं वाचून दाखवलं पाहिजे. मेंबरला विरोध नोंदवता येतो. हे सगळं छापलेलं होतं. दीड वर्ष मी बाहेर बसले होते, आणि हे आधीपासून छापलेलं होतं.

सुशीला म्हणाली, "काकू, आपुन सभा खेळू. खोटी सभा."

असं ते सुरू झालं. खोली मिळाली नाही, म्हणून माझी ओसरी. दर रविवारी दुपारी मी पोती अंथरायचे. दहा-बारा पोरंपोरी यायची. दर वेळी सरपंच वेगळा, ग्रामसेवक वेगळा. सुशीला आदल्या दिवशी प्रत्येकाच्या घरी चिठ्ठी देऊन यायची, नोटीस म्हणून. विषयही आम्हीच काढायचो. नळ कुठं बसवायचा. शाळेत आमच्या लेकरांना मागं का बसवतात. ग्रामसेवक झालेलं पोरगं मुद्दाम नाही म्हणायचं आणि बाकीच्यांनी न रागावता, न घाबरता त्याच्याकडून वाचून घ्यायचं. रागावलं की हरलं, हा सुशीलाचा नियम.

मलाही शिकावं लागलं. "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा." इतिवृत्त हा शब्द माझ्या जिभेवर बसेना. कापूस वेचताना मी तो घोकायचे. शेजारच्या ओळीतल्या बाया म्हणायच्या, हिच्या डोक्यात मेंबरकी गेली.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. शांता नावाची सात-आठ वर्षांची पोर, हट्टच धरला, मला सरपंच करा. तिला पालथ्या घमेल्यावर बसवलं. तिनं सगळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बोट केलं.

"काकू, तुमी बाहीर बसा."

"कामून गं?"

"मेंबरीन बाहीरच बसती की. मी शाळंत जाताना बघतेय."

कुणी हसलं नाही. गौतम तिला रागवायला लागला. मी त्याला थांबवलं. पोरीनं काय चूक केली होती? तिनं जे बघितलं तेच ती शिकली. आणि ते तिला दुसऱ्या कुणी नाही, मीच दाखवलं होतं. महिन्यामागून महिने, सगळ्या वाड्याच्या लेकरांना. मी पोत्यावरून उठले. घरात जाऊन चुलीपुढं बसले. मला रडू आलं नाही. त्या पायरीवर आपण परत बसायचं नाही, हे मला तिथं कळलं.

पुढच्या सभेला मी तिन्ही पायऱ्या चढले. उंबरा ओलांडला. सतरंजीच्या कडेला बसले. माझ्या बाजूचा मेंबर सरकला. मग त्याच्या बाजूचा. बघता बघता सतरंजीचं एक टोक माझ्या एकटीसाठी रिकामं झालं.

मी म्हणाले, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा."

आवाज चिरका आला. पण शब्द बरोबर आला.

ग्रामसेवकानं सरपंचाकडं बघितलं. सरपंच माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदाच. मला वाटलं आता शिव्या देतील. ते शांतपणे म्हणाले, "सभा तहकूब. माझ्या ओसरीवर बसू." सगळे उठले, चपला घातल्या. शिपाई आला आणि सतरंजी ओढायला लागला. मी तिच्यावर बसलेली होते. तो खाली मान घालून ओढत राहिला. मला उठावं लागलं.

रिकाम्या कचेरीत मी उभी राहिले. दीड वर्ष मला आत यायचं होतं. आत एक टेबल होतं, एक खुर्ची, एक घड्याळ. आणि मी.

सरपंचाच्या ओसरीवर मी गेले नाही. तिथं आमच्या माणसानं पायरीसुद्धा चढायची नव्हती. संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन माझ्या दारात आला. मी त्याला थांबायला सांगितलं. मजकूर सगळा वाचला, बोट ठेवून. मग पेन मागितलं आणि खाली लिहिलं, "ही सभा माझ्यासमोर झाली नाही. माझा विरोध आहे." पूर्ण नावानं सही केली. लय वेळ लागला. शिपाई म्हातारा माणूस, गरीबच. म्हणाला, "बाई, आपल्याच जिवावर कामून उठायलीस?"

ते पान पुढं कुणालाच दिसलं नाही.

साल संपायच्या आधीच नवऱ्याला कामावरून काढलं. गिरणीवाला मला बघून म्हणाला, "पट्टा तुटलाय." माझ्यासमोर दुसरीचं पीठ पडत होतं. मी घरी येऊन जातं धुतलं आणि दळायला बसले. नवरा मानवतच्या बाजारात हमालीला जायला लागला. आठ-आठ दिवस यायचा नाही. त्यानं मला मारलं नाही. शिवी दिली नाही. फक्त बोलायचा थांबला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण ते सुशीलापर्यंत गेलं.

माझ्या दिराला कुणीतरी सांगितलं की पोरीचं नाव गावात व्हायलंय, पोराठोरांत बसून सभा करती, उद्या कोण करून घेईल तिला. महिन्याच्या आत गंगाखेडच्या पलीकडचं स्थळ आलं. मुलगा ऊसतोडीला जाणारा, तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. पाहुणे बसले होते. सुपारी फुटायची वेळ झाली. सुशीला आतून आली, सगळ्यांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "माझा इरोध नोंदवा."

न रागावता म्हणाली. न घाबरता. आम्ही शिकवलं होतं तसंच.

दिरानं तिच्या थोबाडीत मारली. पाहुण्यांसमोर. ती हलली नाही. परत म्हणाली, "नोंदवा." त्यानं परत मारली. मी उठले, मधे गेले. दीर माझ्याकडं वळला. "हे तुझं. तुला एक घर पुरलं न्हाई का बाटवायला? माझ्या दारात पाय ठिऊ नको परत."

आमचाच माणूस. जयभीम म्हणणारा. दुसऱ्याच्या बांधावर राबून खांदे वाकलेला. त्याच्यावर मी काय रागावणार? सरपंचानं मला उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि यानंही. फरक एवढाच, सरपंचाला भीती नव्हती.

मी घरी आले. खोट्या सभेची वही काढली. तारीख टाकली, सुशीलाचं नाव लिहिलं, आणि पुढं लिहिलं, विरोध. मला एवढंच करता आलं. लग्न झालं. ती बैलगाडीत बसून गेली, तेव्हा मी माझ्या ओसरीवरून बघितलं. तिनं इकडं बघितलं की नाही ते कळलं नाही. बायांची गर्दी होती.

गौतमला औरंगाबादेत कारकुनाची नोकरी लागली. म्हणाला, "काकू, मी सुट्टीत येत जाईन." एकदा आला. मी त्याला बोल लावत नाही. निघताना त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता, तो त्याला लपवता आला नाही.

मग माझ्या नावानं कागद आला. सलग सहा महिने सभेला गैरहजर, म्हणून सदस्यपद रद्द. मी कागद घेऊन परभणीला गेले. तालुक्याच्या कचेरीत दिवसभर बाकावर बसले. चार वाजता कारकुनानं आत घेतलं. मी सांगितलं, सभा सरपंचाच्या घरी होते, मला नोटीस येत नाही.

त्यानं फाईल उघडली. "नोटीस पोचली म्हणून अंगठा आहे की तुमचा."

"तो माझा न्हाई. मी सही करते."

त्यानं मागची पानं काढून माझ्यापुढं धरली. एक, दोन, तीन. दीड वर्षाची पानं. प्रत्येकावर निळा अंगठा. "हे कुणाचे?"

"माझे."

"मग?"

दुसऱ्यांदा तोच शब्द. नोटिशीवरचा अंगठा कुणाचा होता, देव जाणे. देव म्हणायची सवय गेली नाही तोंडातली. पण मागचे सगळे माझेच होते. माझेच अंगठे माझ्या विरुद्ध साक्ष देत होते. मी कागद घडी करून कमरेला खोचला आणि गावाकडं परतायला पेडगावच्या गाडीत बसले.

गोदाम उभं राहिलं. मोठं, लोखंडी दाराचं.

त्यानंतर एका सकाळी तोच म्हातारा शिपाई वाड्यात आला. नळावर आम्ही सगळ्याच बाया होतो. तो म्हणाला, "सरपंचांनी इचारलंय. मेंबरकीची जागा खाली हाय. एखादी गप बसनारी बाई सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हंडा खाली ठेवला. म्हणाले, "सांगा जाऊन, या वाड्यात तसली बाई आता मिळायची न्हाई."

हे मी खोटं बोलले. बोलताना मला ठाऊक होतं. त्या नळावरच तशा तीन-चार उभ्या होत्या, आणि त्यांच्या चुलीचा इलाज माझ्याजवळ नव्हता. आठ दिवसांत पारूबाई गेली. विधवा, दोन लेकरं, सरपंचाच्या शेतावरच पोट. ती मधल्या पायरीवर बसली. रजिस्टर बाहेर आलं. तिनं अंगठा लावला. मी रस्त्यावरून बघितलं.

त्या संध्याकाळी मी पारूबाईच्या घरी गेले. तिला वाटलं भांडायला आले. ती म्हणाली, "मला काई बोलू नका माय. मला लय भ्या वाटतंय."

मी म्हणाले, "मलाबी वाटायचं. रविवारी दुपारी ये."

ती आली नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. आली ती शांता, आणि तिच्यासोबत दोघं. मी पोती टाकली. तीन लेकरांत सरपंच, ग्रामसेवक आणि मेंबर वाटून घेतले. मी सांगितलेलं खोटं आहे, हे सरपंचाला कळलंय, वाड्याला कळलंय. ते खरं करायचंय. एका पोरीनं होत नसेल तर दहा पोरींनी. माझ्या आयुष्यात होत नसेल तर यांच्या. मी शांताला घमेल्यावर बसवलं, सभेची वही तिच्या हातात दिली, तिच्यासमोर सतरंजीएवढ्या अंतरावर आत बसले आणि म्हणाले, "वाच. आन् कुनी गप बस म्हनलं तर परत पहिल्यापासून वाच."